आयटी नावाचा मेंदू आणि धाकट्याला परत आणायची गोष्ट

(या आठवड्याच्या एपिसोडचा हा लेखी मजकूर. बोलताना आलेले ‘अं’, ‘म्हणजे’ आणि मागे वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकलीये. बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली असेल तर नशीबवान आहात. नसेल मिळाली तर एका हाताने दांडा धरा, दुसऱ्या हाताने आवाज वाढवा, आणि ऐका.

आज एका पुस्तकाबद्दल बोलायचंय. पुस्तक लहान मुलांचं आहे, ‘अ रिंकल इन टाइम’. लेखिका मॅडलिन लेंगल, अमेरिकन. आलं 1962 साली, म्हणजे माणूस चंद्रावर उतरायच्या सात वर्षं आधी. मी ते शाळेत असताना वाचलं नव्हतं. वाचलं सत्ताविसाव्या वर्षी, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या कॅबमध्ये, फोनवर. आणि एका पानावर आल्यावर फोन बंद करून नुसती खिडकीबाहेर बघत बसले. ते पान कुठलं ते पुढे सांगते.

स्पॉयलरचं आधीच सांगून टाकते: शेवट सांगणार आहे. साठ वर्षांपूर्वीचं पुस्तक आहे, आता रुसू नका. आणि शेवट माहीत असूनही ते वाचावंसं वाटतं, हे मी स्वतः दुसऱ्यांदा वाचून तपासलंय.

आधी घरातली माणसं

गोष्ट सुरू होते एका वादळी रात्री. मेग मरी नावाची मुलगी माळ्यावरच्या खोलीत, गोधडीत गुरफटून बसलीये. वय तेरा-चौदा. चष्मा, दातांना तारा, केस सरळ बसत नाहीत. गणितात तिचं डोकं झकास चालतं, पण बाईंना हवं त्या पद्धतीने ती गणित सोडवत नाही, त्यामुळे वर्गात मागे. त्यात आज ती एका मुलाशी मारामारी करून आलीये, कारण तो तिच्या धाकट्या भावाला काहीबाही बोलला.

हा धाकटा भाऊ म्हणजे चार्ल्स वॉलेस. वय वर्षं पाच. जवळजवळ चार वर्षांचा होईपर्यंत तो बोललाच नाही. आणि बोलायला लागला तो थेट मोठ्या माणसांसारखी अख्खी वाक्यं. गावात मात्र सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलंय की पोरगं जरा कमीच आहे. मध्ये दहा वर्षांची जुळी भावंडं, सँडी आणि डेनिस. ती एकदम नॉर्मल. खेळात चांगली, अभ्यासात ठीक, कुणाच्या डोळ्यांवर न येणारी. आई शास्त्रज्ञ, घराच्या एका कोपऱ्यात तिची प्रयोगशाळा, आणि कधीकधी रात्रीचं जेवण तिथल्याच बर्नरवर शिजतं. वडील भौतिकशास्त्रज्ञ, सरकारी कामावर गेलेत आणि त्यांची पत्रं यायची थांबलीत. गावात कुजबुज आहे की दुसऱ्या बाईबरोबर पळाले असणार. आपल्याकडचं गाव असो नाहीतर अमेरिकेतलं, पारावरच्या गप्पा सारख्याच.

त्या वादळात मेगला झोप येत नाही म्हणून ती खाली स्वयंपाकघरात येते, तर चार्ल्स वॉलेस आधीच तिथं. गॅसवर दूध ठेवलेलं. ताई येणार हे त्याला न सांगताच कळलेलं. मला हा प्रसंग फार आवडतो. पुढे ग्रह-तारे, पंख असलेले प्राणी, काळोखाचा राक्षस असं काय काय येतं, पण पुस्तकाचा पाया हा आहे: एक पाच वर्षांचं पोर, रात्री बहिणीसाठी दूध तापवतंय.

मग तीन विचित्र म्हाताऱ्या येतात: मिसेस व्हॉट्सिट, मिसेस हू आणि मिसेस विच. नावांतच गंमत आहे. ‘कोण’, ‘कुठली’, ‘काय ते’ अशी ही नावं. त्यात ‘विच’ म्हणजे ‘कुठली’ आणि ‘विच’ म्हणजे ‘चेटकीण’, हा शब्दांचा खेळ देवनागरीत तर जास्तच जमतो! या तिघी मेगला, चार्ल्स वॉलेसला आणि कॅल्व्हिन नावाच्या शेजारच्या मुलाला वडिलांच्या शोधात घेऊन जातात. पृथ्वीवर नाही, फार लांब. आणि जातात त्या ‘टेसरॅक्ट’ करून.

टेसरॅक्ट म्हणजे काय रे भाऊ?

आता माझ्यातली इंजिनीअर जागी झाली, त्यामुळे दोन मिनिटं द्या. घाबरू नका, परीक्षा नाहीये.

एक ठिपका घ्या. तो एका दिशेला ओढला की रेषा होते. तिला 2 टोकं. ती रेषा काटकोनात तेवढीच ओढली की चौरस. त्याला 4 कोपरे. चौरस वर उचलला की घन, लुडोच्या फाशासारखा. 8 कोपरे. दर वेळी कोपरे दुप्पट होतायत, लक्षात आलं? आता तो घन आणखी एका नव्या, काटकोनातल्या दिशेला ओढा. कुठल्या दिशेला? ती दिशा आपल्या जगात नाहीचे, पण गणितात आहे. तिकडे ओढला की 16 कोपऱ्यांची, 32 कडांची जी आकृती होते ती टेसरॅक्ट. हा शब्द चार्ल्स हॉवर्ड हिंटन या इंग्रज गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात आणला. म्हणजे तो लेंगलबाईंनी काढलेला नाही.

आणि ही आकृती नुसती वहीतली नाहीये हं. समजा 16 कॉम्प्युटर आहेत. त्यांना 0000 पासून 1111 पर्यंत बायनरी नंबर दिले. ज्या दोघांच्या नंबरात फक्त एकच आकडा वेगळा आहे, त्यांच्यात केबल टाकली. झाला टेसरॅक्ट! प्रत्येक कॉम्प्युटरला फक्त 4 केबली, एकूण 32, आणि कुठूनही कुठेही जायला जास्तीत जास्त 4 उड्या. 1980 च्या दशकात अमेरिकेत कॅल्टेकमध्ये याच कल्पनेची मोठी आवृत्ती, 64 प्रोसेसरची, खरोखर बांधली होती. आम्हाला हे कॉलेजात शिकवलं तेव्हा झोप आली होती. पुस्तकात वाचलं तेव्हा झोप उडाली.

पुस्तकात मात्र या शब्दाचा अर्थ जरा वेगळा आहे. तिथं टेसरॅक्ट म्हणजे आकृती नव्हे, प्रवासाची युक्ती. मिसेस हू आपल्या झग्याचा कपडा दोन हातांत ताणून धरते. एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत मुंगीएवढ्या किड्याला चालत जायचं तर केवढा मोठा पल्ला. पण दोन्ही हात जवळ आणले, कपड्याला चुणी पडली, की तोच किडा एका पावलात पलीकडे. पुस्तकाच्या नावातलं ‘रिंकल’ म्हणजे हीच चुणी. तुमच्याकडे ओढणी नाहीतर टॉवेल असेल तर आत्ता करून बघा. बसमध्ये असाल तर शेजारच्याची ओढणी घेऊ नका!

अंतराळाला अशी घडी घालता येईल का, हा प्रश्न अगदीच परीकथेतला नाही. 1935 मध्ये आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी दोन लांबच्या जागा जोडणारा ‘पूल’ समीकरणांतून दाखवला होता. त्यालाच पुढे ‘वर्महोल’ म्हणायला लागले. तसा पूल प्रत्यक्षात कुणाला सापडलेला नाही आणि सापडला तरी त्यातून माणूस पलीकडे जाईल असं नाही. लेंगलबाई तिथं अडत नाहीत. एका ठिकाणी तर तिन्ही मुलं प्रवासात चुकून द्विमितीय ग्रहावर थांबतात आणि कागदासारखी चपटी होतात, श्वास घ्यायला जागाच नाही! म्हाताऱ्यांना लक्षातच राहत नाही की पोरांना जाडी लागते. मी एकटी हसत होते कॅबमध्ये.

चेंडूचा टप्पा चुकलेला मुलगा

आता आपण पोचलोय कॅमाझॉट्झवर. ही या गोष्टीतली खरी विचित्र जागा. वडील इथंच अडकलेत.

विचित्र जागा म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? जांभळं आकाश, तीन डोक्यांचा प्राणी. इथं तसलं काही नाही. इथं आहे एक कॉलनी. एकसारखी राखाडी घरं, एकसारखी अंगणं. प्रत्येक घरासमोर एक मूल खेळतंय. मुली दोरीवरच्या उड्या मारतायत, मुलं चेंडू आपटतायत. पण सगळ्या दोऱ्या एकाच क्षणी जमिनीला लागतात, सगळे चेंडू एकाच क्षणी टप्पा खातात. टप्, टप्, टप्. मग सगळी दारं एकदम उघडतात, सगळ्या आया एकदम बाहेर येतात, टाळ्या वाजवतात, आणि सगळी मुलं एकदम घरात.

फक्त एका घरासमोर एका मुलाचा ताल चुकतोय. चेंडू वेडावाकडा उडतोय, हातातून निसटतोय. त्याची आई धावत येते, त्याला ओढून आत नेते. आपली मंडळी चेंडू परत द्यायला त्या घराची बेल वाजवतात, तर ती बाई भीतीने पांढरीफटक. आमच्याकडे चेंडू पडतच नाही, आमच्या भागात असं कधी होतच नाही, असलं काहीतरी बोलत राहते. पुढे तोच मुलगा त्यांना एका कोठडीत दिसतो. चेंडू बरोबर तालात आपटायची त्याच्याकडून तालीम करून घेतायत, आणि दर टप्प्याला तो वेदनेने ओरडतोय.

मी म्हटलं ना, एका पानावर फोन बंद केला? ते हे पान. मुलाचं नव्हे, त्याच्या आईचं. कारण ती बाई वाईट नाहीये. तिचं पोरावर प्रेम आहे. तिला फक्त भीती वाटतेय, की शेजारच्यांनी पाहिलं तर?

इथं थोडं स्वतःबद्दल बोलते. माझा धाकटा भाऊ साताऱ्याला असतो. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. तोही उशिरा बोलायला लागला होता, आणि अजूनही मोजकंच बोलतो. दोन वर्षांपूर्वी त्याने डिप्लोमा अर्ध्यात सोडला आणि दिवसभर एका गॅरेजमध्ये बसायला लागला. घरात काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको. आईचा मला फोन: “तू मोठी आहेस, तूच समजाव.” लहानपणापासून हे एक वाक्य मी ऐकत आलेय, “भावाला सांभाळ गं.” मग मी काय केलं? मला जे येतं ते. त्याच्यासाठी एक शीट बनवली. विषय, आठवडे, टार्गेट, झालेलं हिरवं, राहिलेलं लाल. दर रविवारी फोन: “किती झालं?” पहिले दोन रविवार तो काहीतरी बोलला. मग नुसता अंगठ्याचा इमोजी यायला लागला. मग तोही बंद.

कॅबमध्ये बसून ते पान वाचताना मला ती राखाडी घरं नाही दिसली. मला माझी शीट दिसली.

आयटी!

कॅमाझॉट्झवर सगळं एका ठिकाणाहून चालतं. एक मोठी इमारत, तिचं नाव सेंट्रल सेंट्रल इंटेलिजन्स. होय, ‘सेंट्रल’ दोनदा. तिथं लाल डोळ्यांचा एक माणूस भेटतो. तो तोंड न हलवता बोलतो, पाढे म्हणतो, आणि म्हणतो की विचार करायचं ओझं कशाला घेता, ते माझ्याकडे द्या. कसला त्रास नाही, निर्णय नाही, दुःख नाही.

मेग आणि कॅल्व्हिन बधत नाहीत. बधतो तो चार्ल्स वॉलेस. आणि गंमत म्हणजे तो मूर्ख म्हणून नाही, हुशार म्हणून. त्याला वाटतं, मी जरा आत शिरून बघतो, वडील कुठे आहेत ते कळेल, आणि मग बाहेर येतो. निघताना मिसेस व्हॉट्सिटने त्याला बजावलेलं असतं, तुझ्या गर्वाला जप. पण पाच वर्षांचं पोर ते, आणि आजवर प्रत्येक वेळी बरोबर ठरलेलं. तो आत जातो, आणि येत नाही. शरीर तेच, आवाज तोच, डोळे मात्र दुसऱ्याचेच. आता तो मेगला हात धरून घेऊन जातो खऱ्या मालकाकडे.

तो मालक म्हणजे एक मेंदू. नुसता मेंदू, माणसाच्या मेंदूपेक्षा मोठा, एका ओट्यावर ठेवलेला, धडधडणारा. त्याच्या तालावर अख्खा ग्रह श्वास घेतो. त्याचं नाव काय? इंग्रजीत ‘इट’, म्हणजे ‘ते’. पण पुस्तकात दोन्ही अक्षरं कॅपिटल छापलीत. आता हिंजवडीला जाणारी मुलगी ते कसं वाचणार? आयटी. मी तीन पानं तसंच वाचत होते. “आयटीने त्याच्यावर ताबा मिळवला होता.” म्हटलं, बाई, बरोबर आहे तुमचं.

विनोद सोडा. लेंगलबाईंच्या डोक्यात आपलं क्षेत्र नव्हतं. मग होतं काय? शीतयुद्धाचा काळ होता, त्यामुळे बरेच जण म्हणतात, कॅमाझॉट्झ म्हणजे हुकूमशाही देश. पण त्याच काळात खुद्द अमेरिकेत एकाच साच्याच्या घरांच्या वसाहती उभ्या राहत होत्या. न्यूयॉर्कजवळची लेव्हिटाउन ही त्यातली सगळ्यात गाजलेली, 1947 पासून बांधलेली. म्हणजे तो राखाडी रस्ता त्यांच्या दारातही होता.

याला पुढे एक पुरावाही मिळाला. 2015 मध्ये, लेखिका गेल्यावर आठ वर्षांनी, मूळ हस्तलिखितातला छापताना गाळलेला काही पानांचा भाग तिच्या नातीमुळे समोर आला. त्यात मेग वडिलांना विचारते की कॅमाझॉट्झ असं कशाने झालं. वडील हुकूमशाहीचं सांगतातच, पण पुढे म्हणतात की फार सुरक्षितता हवी असणं, हेही माणसांना तिथं नेऊ शकतं. लोकशाहीतल्या, सुखवस्तू माणसांनासुद्धा. हे वाचून मला ती भेदरलेली आई पुन्हा आठवली. तिला कुणी जुलूम करायला सांगितला नव्हता. तिला फक्त सगळं सेफ हवं होतं.

पाढे, वर्गमुळं, आणि जे पुरत नाही

मेग वडिलांना सोडवते. त्यांना एका पारदर्शक खांबात कोंडलेलं असतं, आणि मिसेस हूचा चष्मा घातल्यावर तिला आत जाता येतं. आता बाबा भेटले, म्हणजे गोष्ट संपली? आपल्याला लहानपणी असंच वाटतं. बाबा आले की सगळं ठीक होतं.

होत नाही. त्या मेंदूसमोर मेग आपलं डोकं वाचवायला धडपडते. तिला वाटतं, पाठ केलेलं काहीतरी घोकावं. पण कवितेला, गाण्याला ताल असतो, आणि ताल म्हणजे तर त्या मेंदूचं हत्यार. ती घोकते आणि त्याच्या ठेक्यात ओढली जाते. मग पिरिऑडिक टेबल. मग वडील ओरडतात, वर्गमुळं काढ! 5 चं वर्गमूळ सांग! इथं मला इंजिनीअर म्हणून टाळी वाजवावीशी वाटली. 5 चं वर्गमूळ 2.236 आणि पुढे न संपणारे आकडे, आणि ते आकडे कधीच ठरावीक चक्रात फिरत नाहीत. म्हणजे त्याला ठेकाच नाही. हा अर्थ माझा आहे, पुस्तकात असा सांगितलेला नाही, पण मला तो चपखल वाटतो.

तेवढ्याने क्षणभर टिकते ती, जिंकत नाही. शेवटच्या क्षणी वडील मेग आणि कॅल्व्हिनला घेऊन टेसर करतात, दुसऱ्या ग्रहावर. चार्ल्स वॉलेस मागेच राहतो.

मेग शुद्धीवर येते आणि वडिलांवर भयंकर चिडते. तुम्ही त्याला सोडून आलात! या पानांवर ती अजिबात गोड मुलगी नाहीये. कडवट बोलते, लागेल असं बोलते. तिला बरं करतात ते बिनडोळ्यांचे, केसाळ, बोटांऐवजी सोंडेसारखे अवयव असलेले प्राणी. त्यातल्या एकीला ती ‘आंट बीस्ट’ म्हणते. आपण मराठीत ‘जनावरमावशी’ म्हणू या का? दिसायला भयानक, आणि अख्ख्या पुस्तकातली सगळ्यात मायाळू. त्या प्राण्यांना डोळे नाहीत, उजेड म्हणजे काय हेच माहीत नाही. मेग समजावून सांगायला जाते आणि तिलाही शब्द सापडत नाहीत.

आणि हळूहळू तिला कळतं की आपण बाबांवर चिडलोय, कारण सगळं त्यांनीच करून टाकावं अशी आपली इच्छा होती. चार्ल्स वॉलेसला आणायला कुणीतरी परत जायला हवं. कॅल्व्हिनची ओळख चार दिवसांची. वडील गेले तेव्हा तो तान्हा होता, त्यामुळे तेही त्याला पुरते ओळखत नाहीत. उरली मेग. एकटी.

शेवट, जो फसतो असं काहींना वाटतं

निघताना तिला भेटी मिळतात. आधीच्या वेळी मिसेस व्हॉट्सिटने तिला दिलेली भेट मला सगळ्यात आवडते: तुझे दोष तुला देते. तुझा राग, तुझा हट्ट, तुझा उतावळेपणा. जे सगळे जण सोड म्हणतात तेच जपून ने, कामाला येईल. आणि खरंच येतं. या वेळी मिसेस विच एवढंच सांगते की तुझ्याकडे असं काहीतरी आहे जे त्या मेंदूकडे नाही, ते तूच शोध.

ती परत त्या मेंदूसमोर उभी राहते. समोर भाऊ, दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघणारा. ती शोधतेय, माझ्याकडे काय आहे? राग? तो तर त्याच्याकडेही भरपूर आहे. आणि रागावता रागावता ती त्याच्याच ताब्यात जायला लागते. तेवढ्यात चार्ल्स वॉलेसच्या तोंडून तो मेंदू म्हणतो की मिसेस व्हॉट्सिट तुझा द्वेष करते. तिथं तो चुकतो. मेगला पक्कं माहीत असतं की हे खोटं आहे, मिसेस व्हॉट्सिटची माझ्यावर माया आहे. आणि उत्तर सापडतं. माया. ती त्याच्याकडे नाही.

पुढची ओळ मला फार प्रामाणिक वाटते. मेगच्या लक्षात येतं की मी या मेंदूवर माया करू शकले तर तो मरेलही. पण तेवढी मोठी मी नाही. मला ते जमणार नाही. मला एवढंच जमेल की माझ्या भावावर माया करणं. मग ती तेच करते. त्याला हलवत नाही, समजावत नाही, युक्तिवाद करत नाही. उभी राहते, रडते, आणि त्याच्याकडे बघून सांगत राहते की तू माझा आहेस. आणि तो धावत येऊन तिच्या कुशीत शिरतो. पुढच्या क्षणी सगळे घरच्या भाजीच्या वाफ्यात धडपडलेले.

काही जणांना हा शेवट फारच सोपा वाटतो. प्रेमाने जग जिंकलं, झालं! पण नीट वाचा. जग जिंकलं जात नाही. कॅमाझॉट्झ तसंच राहतं. तो चेंडूवाला मुलगा कोठडीतच राहतो. मेंदू ओट्यावर धडधडतच राहतो. सुटतो तो एक पाच वर्षांचा मुलगा. लेंगलबाईंनी मुलांना खोटं आश्वासन दिलेलं नाही.

पुस्तकाचं स्वतःचं नशीब

हे पुस्तकसुद्धा चेंडूचा टप्पा चुकलेल्या मुलासारखंच. लेंगलबाईंचं लिखाण परत येत होतं, आणि चाळिसाव्या वाढदिवशी आणखी एक नकार आल्यावर त्यांनी ठरवलं होतं की बास, लिहिणं सोडायचं. सुटलं नाही. 1959 मध्ये कुटुंबाबरोबर गाडीने देशभर फिरताना त्यांना या तीन म्हाताऱ्यांची नावं सुचली. पुस्तक लिहून झालं आणि 26 प्रकाशकांनी नाकारलं. मोठ्यांसाठी की लहानांसाठी? विज्ञानकथा, आणि नायिका मुलगी? कुठल्याच कप्प्यात बसेना. शेवटी छापलं गेलं, आणि 1963 मध्ये त्याला न्यूबेरी पदक मिळालं, अमेरिकेतला बालसाहित्याचा सर्वांत मानाचा पुरस्कार.

लेखिका श्रद्धाळू ख्रिश्चन होत्या आणि ते पुस्तकात दिसतं. गंमत म्हणजे काहींना ते फार धार्मिक वाटलं, काहींना पुरेसं नाही, आणि शाळा-ग्रंथालयांतून काढून टाका अशा तक्रारी झालेल्या पुस्तकांच्या यादीत ते वर्षानुवर्षं राहिलं. एक प्रसंग आहे, काळोखाशी लढलेली पृथ्वीवरची माणसं कोण, असं मुलांना विचारतात. येशूबरोबर शेक्सपिअर, बाख, मादाम क्युरी, आइन्स्टाइन अशी नावं येतात, आणि त्यातच गांधी आणि बुद्धही. मला बरं वाटलं. काही तक्रारदारांना नेमकं तेच खटकलं.

2018 मध्ये डिस्नीचा सिनेमा आला, दिग्दर्शक एवा डुव्हर्ने. त्यात मेग कृष्णवर्णीय आहे, मिसेस हू भारतीय वंशाची मिंडी कलिंग, आणि जुळी भावंडं गायब. बघायचा तर बघा, पण पुस्तकानंतर. कॉलनीतल्या चेंडूंचा तो आवाज आपल्याच डोक्यात ऐकण्यात मजा आहे.

जाता जाता

तर, त्या कॅबमधल्या दिवसानंतर मी रविवारी भावाला फोन केला. उचलला नाही. पुढच्या रविवारी केला, उचलला. मी शीटचं काही विचारलं नाही. म्हटलं, काय करतोयस? म्हणाला, जुनी स्कूटर खोललीये. म्हटलं, काय झालंय तिला? थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “ताई, थांब, ऐकवतो.” किक मारली, आणि फोन इंजिनजवळ धरला. मला नुसता आवाज आला, फटफटफट. तो म्हणाला, “नीट ऐक. एक ठोका चुकतोय बघ मध्येच.” मी कान देऊन ऐकलं. खरंच चुकत होता.

डिप्लोमा पूर्ण करणार का? माहीत नाही. आईचे फोन चालू आहेत, तिलाही मी काही ज्ञान देत नाहीये. तिची भीती मला कळते. शीट मी डिलीट केलीये. एवढंच मला जमलं.

पुस्तक वाचलंत तर कळवा. तुमच्याही घरी कुणी टप्पा चुकलेलं असेल, किंवा ते तुम्हीच असाल, तर तेही कळवा. आणि आज घरी गेल्यावर न सांगता कुणासाठी तरी दूध तापवा. बघू या, त्यांना कळतं का!

चला, भेटू पुढच्या आठवड्यात. स्टॉप आला असेल तर उतरा आधी!